दम कुठं घ्यायचा

लग्नाच्या फोटोत बँडवाला कधी पुरता सापडत नाही. नवरदेवाच्या फेट्यामागे ट्रम्पेटचं तोंड दिसतं, नवरीच्या मामाच्या खांद्यावरून ढोलाचा काठ दिसतो, आणि अगदी कडेला लाल कोटाची एक बाही. ती बाही बहुतेक वेळा माझी. पाथर्डी, जामखेड, नगर या पट्ट्यातल्या कितीतरी घरांच्या भिंतींवर माझी ती एवढी बाही टांगलेली आहे. त्याचं वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. आम्हाला बघायला कोणी येत नसतं. पण आम्ही आलो नाही तर नवरदेव घोड्यावर बसत नसे, हेही तितकंच खरं.

आता वाजवणं सुटलं. वरचे दात गेले आणि क्लॅरोनेट गेलं. ते तोंडात धरायला दात लागतात, हे लोकांना माहीत नसतं. लोकांना वाटतं बँड म्हणजे फुंकायचं आणि बडवायचं. खरं काम चालण्याचं असतं. वैशाखाच्या उन्हात, अंगात जाड कोट, पायाखाली फुफाटा, पुढे नाचणारी पोरं, मागे बुजणारं घोडं, आणि त्यातून चालत चालत गाणं तुटू द्यायचं नाही. क्लॅरोनेटवाल्यानं चाल धरायची, बाकीच्यांनी त्याच्या मागून यायचं. तो अडखळला की अख्खी मिरवणूक अडखळते.

मला हे शिकवलं वडिलांनी. लुकास मास्तर म्हणून सगळा मुलूख त्यांना ओळखत होता. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. मिशनच्या शाळेत असताना त्यांच्या गळ्यात ढोल आला. पुढे क्लॅरोनेट हाती आलं आणि तिसगावात त्यांनी स्वतःचा बँड उभा केला. गाणं तर कोणीही बसवतं, पण दम कुठं घ्यायचा हे कळायला वर्षं जातात, असं ते म्हणत. मी पोरवयात एकेक ओळ छाती रिकामी होईपर्यंत ओढायचो. ते थांबवायचे.

"शांतवन, दम संपल्यावर घेतलास तर सूर पडतो. शिल्लक हाय तवाच घ्यायचा."

गिऱ्हाइकं एकेक अशी भेटली की सांगून खोटं वाटेल. एका नवरदेवाला एका ठरावीक घरासमोर एकच गाणं पुन्हा पुन्हा हवं होतं. घोडं पुढं निघालं की तो लगाम खेचायचा. त्या घरात कोण राहतं ते आम्ही विचारलं नाही, पण वरातीतल्या बायकांचे चेहरे बघून सगळं समजलं. जामखेडकडच्या एका गावात तर एक बाई दोन्ही हात पसरून बोळात आडवी उभी राहिली. "माझी म्हस कालच व्यालीया. तुमच्या ढोलानं ती पान्हा चोरंल!" नवरदेवाचा मामा तापला. "मग काय नवरदेव मुक्यानं न्यायचा?" हातघाईवर यायची वेळ आली. दादांनी ढोल-ताशे बंद करायची खूण केली, आणि एकट्यानं क्लॅरोनेटवर अंगाईसारखं काहीतरी इतकं हळू धरलं की सगळी वरात आपोआप चवड्यांवर चालायला लागली. घोडंसुद्धा जपून पाय टाकत होतं. संध्याकाळी त्या बाईनं बँडवाल्यांसाठी खरवस पाठवला. मामासाठी नाही.

असा माणूस एका मिरवणुकीत मधेच खाली बसला.

पावसानं दगा द्यायला सुरुवात केली होती ते वर्ष. पुढं बहात्तरचा दुष्काळ पडला, त्याच्या आधीचं. चिचोंडीच्या बाजूला लग्न होतं. नवरदेव मारुतीला निघाला होता, आणि दादांनी क्लॅरोनेट माझ्या हातात देऊन सोडलेल्या एका बैलगाडीच्या जुवावर बसकण मारली. मी ओळ उचलली आणि मिरवणूक पुढं गेली. परत येऊन बघतो तर ते तिथंच.

"काय झालं दादा?"

"काय न्हाई. पाय म्हनत्यात, आज तू जा."

आम्ही हसलो. वय झालं, असं आई म्हणाली. मग दाढी करताना त्यांच्या हाताला मानेतली गाठ लागली, मग काखेतली. नगरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गाठीचा तुकडा तपासायला पाठवला आणि आम्हाला समोर बसवून कॅन्सर हा शब्द उच्चारला. आमच्या घरात तो शब्द तोवर कोणी आणला नव्हता. मुंबईला नेलं. तिथं लाईट दिली. लाईट म्हणजे मशीनचे किरण, आमच्याकडे सगळे लाईटच म्हणत. गाठी बसल्या. आम्ही आनंदानं त्यांना घरी आणलं, गल्लीत पेढे वाटले, आणि आता दादा उठून कोट चढवतील म्हणून वाट बघत बसलो.

ते उठलेच नाहीत. दुखत काही नव्हतं, ताप नव्हता. पण सदऱ्याची गुंडी लावताना मधेच त्यांचा हात मांडीवर पडायचा आणि तिथंच राहायचा. बोलताना वाक्य अर्धं टाकून द्यायचे. जिना नाही, चढ नाही, अंगणातून ओसरीवर यायचं तरी मधे खांबाला धरून उभे राहायचे. बघायला येणाऱ्यांचे दोन तट पडले. एक म्हणायचा, आराम द्या, हलू देऊ नका. दुसरा म्हणायचा, म्हातारा मनानं खचला, जरा हलवा त्याला. आम्ही पहिल्यांचं ऐकलं. हातातलं सगळं काढून घेतलं. जेवण खाटेवर, अंग पुसायचं ते खाटेवर. दादा दिवसभर झोपायचे, रात्री टक्क जागे असायचे, आणि सकाळी आदल्या दिवसापेक्षा जास्त दमलेले.

पुन्हा नगरला गेलो. रक्त फार कमी झालेलं निघालं. ते चढवलं, आमच्या ढोलवाल्या किसनचं जुळलं. किसन पुढं वर्षभर सांगत फिरायचा की मास्तरांच्या अंगात आता ढोल वाजतोय. त्यानं चेहऱ्यावर थोडा रंग आला, पण थकवा पुरता गेला नाही. तेव्हा तिथल्या एक वयस्क सिस्टर, कमळाबाई, आमच्याजवळ बाकावर येऊन बसल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही, दादांना विचारलं, "मास्तर, दिवसातली कुठली वेळ तुम्हाला बरी जाते?"

दादा विचार करून म्हणाले, "सकाळची. उन्हं अंगणात येस्तवर. मग इझतो मी."

"मग जे मनापासून करावंसं वाटतं ते सकाळी करायचं. दमल्यावर आडवं व्हायचं नाही, दमायच्या आधी व्हायचं. थोडाच वेळ. दुपारभर झोपलात तर रात्र खराब होणार. थोडं थोडं, पण पुन्हा पुन्हा खायचं. आणि रोज चार पावलं चालायचं, जीवावर आलं तरी. हा आळस नाही मास्तर, आजाराचाच भाग आहे हा. कोणी काही बोललं तर मनाला लावून घेऊ नका."

दादांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. "दम संपायच्या आधी घ्यायचा. मी काय येगळं सांगत हुतो?"

उठताना सिस्टर मला म्हणाल्या, "सगळी कामं काढून घेऊ नका त्यांची. कुठली ठेवायची ते त्यांनाच विचारा."

मी मान डोलावली. घरी येऊन सकाळ तेवढी लक्षात ठेवली.

बहात्तरच्या त्या दुष्काळात लग्नं म्हणावी तशी नव्हतीच. अर्धा गाव दुष्काळी कामावर खडी फोडत होता. आमचे ट्रम्पेटवालेही त्यातच. लग्न लागायचं ते पाच माणसांत, बँड लावणं लोकांना शोभेनासं वाटायचं. आणि त्यात एक मोठं लग्न आलं. खर्ड्याच्या अलीकडच्या एका गावच्या पाटलांच्या मुलाचं. त्यांच्या विहिरीला पाणी होतं. त्यांची एकच अट, मास्तर स्वतः वाजवायला पाहिजेत. पाटलांच्या स्वतःच्या लग्नात दादांनी वाजवलं होतं. बँडातली सगळी घरं त्या एका लग्नाकडे डोळे लावून बसली होती.

तेव्हा दादांची सकाळ मी तालमीला लावली. अंगणातल्या लिंबाखाली खुर्ची टाकायची, पोरं जमवायची. बाकी कशातही त्यांची ताकद जाऊ नये म्हणून मी पहारेकऱ्यासारखा उभा. तोंड धुवायला पाणी खाटेवर. चूळ भरायला तस्त हाताशी. अंघोळ बंद, ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचं. दादा खुर्चीत बसून दोन ओळी वाजवायचे, क्लॅरोनेटची पत्ती ओठांवर तशीच ठेवून समोर बघत राहायचे.

एका सकाळी खाट रिकामी दिसली. आतून स्टोचा आवाज येत होता. जाऊन बघतो तर दादा जमिनीवर उकिडवे बसून चहा ठेवत होते. कपाळाला घाम, हातात गाळणं, आणि आई दाराशी अवघडून उभी.

एक सांगायला पाहिजे. बँडवाल्याच्या बायकोच्या वाट्याला वाट बघणं फार येतं. आमच्या लग्नसराईत दादा कधी परततील याचा नेम नसे आणि आई जागी राहायची. म्हणून सकाळचा चहा दादा करायचे. लग्न झाल्यापासूनचा त्यांचा तो परिपाठ. त्यात गंमत म्हणजे चहा ते वाईट करायचे, पार काळाकुट्ट. आई तो बिनतक्रार प्यायची.

मी ओरडलोच. "दादा, तालीम आहे आज! सगळी ताकद इथंच घालवलीत तर वाजवणार कशानं?"

त्यांनी स्टो बंद केला. दम लागला होता म्हणून तुकड्या-तुकड्यानं बोलले.

"शांतवन, सकाळी माझ्या अंगात जी काय ताकद येती ती कुनाची?"

मी गाळणं घ्यायला हात पुढं केला, त्यांनी ते सोडलं नाही.

"तू माझी सगळी सकाळ बँडाला दिलीस. मला इचारलंस का? सिस्टर काय म्हनली हुती? मला अंघोळ माझ्या हातानं करायची हाय. हिला चहा द्यायचाय. त्यातून उरलं तर वाजवीन. न्हाई उरलं तर तू हायस की."

आई पुढं झाली. "आवो, मला काय चहा लागतोय व्हय? मी करते की माझा."

"तुला लागत नसंल. मला लागतोय."

मी बाहेर लिंबाखाली जाऊन उभा राहिलो. पोरं वाद्यं घेऊन जमली होती. त्यांना म्हटलं, आज मास्तर नाहीत. मनात धास्ती होती ती पाटलांच्या लग्नाची. पण त्याहून खोल काहीतरी लागलं होतं. ज्या माणसाच्या फुंकीवर मी वाढलो, त्याला क्लॅरोनेटपेक्षा दुसरं काही प्यारं असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

घर पुन्हा लावलं ते माझ्या बायकोनं, सुवार्तानं. तिनं एक फळीचं खोकं आणून स्टो त्यावर ठेवला आणि समोर स्टूल ठेवलं, म्हणजे वाकायला नको. चहा-साखरेचे डबे हाताच्या अंतरावर. मोरीत दुसरं स्टूल, बादलीत पाणी काढून तयार, तांब्याऐवजी हलका पेला. "मामा, बसून करा सगळं. उभं राहन्यातच निम्मा जीव जातो," ती म्हणाली. अंघोळ झाली की थेट चहा नाही, आधी थोडं आडवं व्हायचं. चहा झाला की पुन्हा थोडं. दूध-भाकरी कुस्करून वाटीभर, मग शेंगदाण्याचा लाडू, मग जमेल तेव्हा पातळ भात. संध्याकाळी किसनच्या हाताला धरून एस.टी. स्टँडच्या बाजूला चक्कर, वाटेत पारावर बसणं ठरलेलं.

बघायला येणाऱ्यांचा प्रश्न आईनं सोडवला. माणसं जीव लावून यायची, पण उठायची नाहीत, आणि दादांचं निम्मं बळ हूं हूं करण्यात जायचं. आई ओसरीवर बसायची. दादांचा चेहरा उतरला की आत डोकावून म्हणायची, "औषधाची येळ झाली." गावात बोलणं व्हायला लागलं की मास्तरांना इतकी औषधं कशी काय चालतात.

थकवा गेला असं नाही. काही दिवस असे यायचे की अंघोळही व्हायची नाही, आणि ते भिंतीकडे तोंड करून पडायचे. पण एरवी त्यांच्या बोलण्याला पुन्हा धार आली. आई चहा पिऊन कप उपडा घालायची तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान असायचं, जसं मोठी मिरवणूक पार पडल्यावर असावं. आणि एखाद्या सकाळी, न सांगता, ते क्लॅरोनेट मागायचे.

मी पाटलांना सांगायला गेलो की मास्तर मिरवणुकीत चालू शकणार नाहीत. पाटलांनी तोंड फिरवलं. "मग मी दुसरा बँड बघतो. नगरात काय कमी हायती?"

परत येऊन दादांना सांगितलं. ते म्हणाले, "त्यांना कळव, मास्तर येतोय. पन चालनार न्हाई. मारुतीच्या पारावर खुर्ची टाका म्हनावं." मग माझ्याकडे बघून, "आन् दोन-चार दिवस घरात मला कुनी काय मागायचं न्हाई. चहा हिचा हिनं करायचा."

पाटील खुर्चीला राजी झाले. आणि घरातलं हे ठरवणारे दादा स्वतः होते, त्यामुळे आम्ही सगळ्यांनी ते पाळलं. आईला घेऊन ते आदल्या दिवशीच एस.टी.नं गेले, त्या गावात आमचे लांबचे पाहुणे होते, तिथं मुक्काम केला. आम्ही लग्नाच्या दिवशी ट्रकनं पोचलो. तर दादा ओसरीवर तक्क्याला टेकून, दाढी केलेली, कोट घडी करून शेजारी.

मिरवणूक मी नेली. माझ्या क्लॅरोनेटनं, दादांच्या जागेवर. पोरं नाचत होती, पण पाटील सारखे पुढं बघत होते. मारुतीपाशी आलो. पारावर खुर्चीत दादा बसले होते, लाल कोटात, आई मागे उभी. नवरदेव घोड्यावरून उतरून आत वाकला, तसं दादांनी क्लॅरोनेट ओठांना लावलं. आम्ही सगळे थांबलो, ढोलसुद्धा.

त्यांनी पाटलांच्या लग्नातली जुनी चाल धरली. आवाज पूर्वीसारखा नव्हता, बारीक झाला होता, पण एकेक सूर जागच्या जागी. पाटलीणबाईंनी पदर तोंडाला लावला. वरच्या ओळीला दादांनी माझ्याकडे डोळ्यांनी खूण केली आणि सोडून दिली. मी उचलली. ती त्यांनी अशा ठिकाणी सोडली की ऐकणाऱ्याला कळलं नाही कुठं एक थांबला आणि दुसरा लागला. खाली येताना पुन्हा त्यांनी घेतली आणि संपवली.

"आनखी एक मास्तर, आनखी एक!" पाटील पुढं आले.

"पाटील, आज एवढंच." दादांनी क्लॅरोनेट मांडीवर ठेवलं.

पाटील त्यांच्याकडे बघत राहिले. मग खुर्चीशेजारी पारावर बसलेच. "आमची आई बी अशीच दमती हो. डॉक्टर म्हनत्यात, गर्भपिशवीचा कॅन्सर हाय. आज पन बाहेर याया तयार न्हाई. आमाला वाटतंय रुसलीया."

"तिला इचारलं का, लग्नात तिला काय करायचंय?"

पाटलांना ते कळायला वेळ लागला. मग दादा त्यांना खोकं, स्टूल, आडवं होणं सगळं सांगत बसले. पाटील वरबापाचं काम सोडून ऐकत होते. अक्षता पडल्या तेव्हा मी बघितलं, एका म्हातारीला खुर्चीत घालून मांडवाच्या कडेला आणलं होतं. तिनं तेवढी एक मूठ टाकली आणि हसत परत आत गेली.

दादा पुढं काही महिने होते. पाऊस आला, तोही बघितला. मग अंगातलं बळ कमी कमी होत गेलं आणि एकेक गोष्ट त्यांनी स्वतःच सोडली, आपल्या क्रमानं. पहिल्यांदा क्लॅरोनेट. पेटीत घालून माझ्याकडे दिलं, "तू वाजवतोस की," एवढंच बोलले. मग पारापर्यंतचं चालणं. मग एका सकाळी आईला म्हणाले, "उद्यापास्नं तू कर," आणि तिनं दुसऱ्या दिवशी दोन कप करून एक त्यांच्या खाटेपाशी नेला. अंघोळ तेवढी त्यांनी शेवटपर्यंत धरून ठेवली.

ती सोडली त्या दिवशी मला हाक मारली. "शांतवन, आज तू घाल."

मी त्यांना स्टुलावर बसवलं. पाणी सोसेल एवढं कढत होतं. जन्मभर त्यांच्याबरोबर चाललो, पण त्यांची उघडी पाठ मी कधी नीट बघितली नव्हती. डाव्या खांद्यावर एक कडक, काळपट पट्टा होता. तरुणपणी ढोल वागवला त्याचा. मी त्यावरून हळू हात फिरवला.

"जोरात चोळ," ते म्हणाले. "तितं काय लागत न्हाई."

त्यांना पुसून, कपडे घालून खाटेवर निजवलं. बाहेर पोरं तालमीला जमत होती, कोणीतरी चामडं ताणायला ताशा शेकत होतं. दादा लवकरच जाणार होते आणि ते आम्हा दोघांनाही कळलं होतं. मी म्हटलं, "आज तालीम नको. तुमच्यापाशी बसतो."

"माझ्यापाशी तुझी आई हाय. तू जा, पोरं खोळंबली."

"मग दार लावून घेतो. आवाजानं त्रास होईल."

त्यांनी डोळे मिटले होते. तसेच मिटलेले ठेवून म्हणाले, "उघडं ऱ्हाऊ दे."